फटकारा, फराटा की नुसता स्ट्रोक?

व्हॅन गॉगच्या निसर्गचित्रांबद्दल लिहिताना ‘एक्स्प्रेसिव्ह ब्रशवर्क’ला, म्हणजे भावना व्यक्त करणाऱ्या कुंचल्याच्या कामाला, ‘भावपूर्ण फटकारे’ म्हणावं का, आणि फ्रेंच चित्रकार सेझानलाही तेच चालेल का, असा प्रश्न आहे.

‘फटकारे’ व्हॅन गॉगच्या काही चित्रांना चपखल बसतो, सेझानला मुळीच नाही. ‘भावपूर्ण’ मात्र दोघांनाही नको. तो गायनाला, अभिनयाला शोभतो आणि श्रद्धांजलीच्या फलकांवर वापरून वापरून गुळगुळीत झालाय.

फटकारणे या क्रियापदामुळे ‘फटकारा’त हाताचा झटका आहे, वेग आहे, थोडा मारही आहे. व्हॅन गॉगनं जुलै १८९० मध्ये फ्रान्समधल्या ओव्हेर गावी रंगवलेलं कावळ्यांचं गव्हाचं शेत बघा. काळ्या रंगाचे दोन-तीन फटकारे, की झाला कावळा! खाली पिवळा रंग वाट्टेल त्या दिशेनं धावतो, वर गडद निळं आभाळ आडवंतिडवं ओढलेलं. इथे दुसरा शब्द सुचतच नाही.

पण आदल्या वर्षीचं ‘तारांकित रात्र’ घ्या. आभाळातले ते भोवरे आखूड रेघांचे आहेत, एकीमागे एक, वळण सांभाळून ठेवलेल्या. सायप्रसच्या झाडात त्या लांबून वर चढतात. यांना मी ‘फराटे’ म्हणेन. फटकारा हाताची हालचाल सांगतो, फराटा कॅनव्हासवर उमटलेली खूण.

सेझान तर सावकाश काम करणारा. सेंट व्हिक्टवार डोंगराच्या त्याच्या उत्तरकाळातल्या चित्रांत हिरव्या, निळ्या, मातकट रंगांचे छोटे पट्टे शेजारी शेजारी बसवलेले दिसतात, मधे कोरा कॅनव्हासही राहू दिलेला. तिथे ‘पट्टे’ किंवा ‘रंगखंड’च लिहावं.

‘फटकारे’ लिहिलं की वाचकाला लगेच संताप, वेडाचा झटका दिसू लागतो, म्हणून मी जपून वापरतो. वादळी आभाळाखालच्या या शेतांबद्दल व्हॅन गॉगनं भावाला आणि भावजयीला लिहिलेल्या पत्रात दुःख आणि पराकोटीचं एकटेपण आहे. पण त्याच पत्रात खेड्यातला निसर्ग निरोगी आणि बळ देणारा वाटतो, असंही आहे. दोन्ही भावना एकाच कॅनव्हासवर होत्या.

कुंचल्याच्या एकूण कामासाठी ‘रंगलेपन’ हा रुळलेला शब्द आहे. ‘व्हॅन गॉगच्या रंगलेपनातून त्याची मनःस्थिती जाणवते’ असं सरळ लिहा. आणि चित्रकार आपसांत ‘स्ट्रोक’च म्हणतात, तोही बिनधास्त वापरा.