स्टेल्व्हिओचा घाट पहिल्यांदा चढताना

आधी तारीख पाहा. इटलीच्या आल्प्समधला २,७५७ मीटर उंचीचा हा रस्ता हिवाळ्यात बंदच असतो, आणि जूनमध्येही बर्फ पडला की अडवतात. निघायच्या दिवशी सकाळी रस्ता उघडा असल्याची खात्री करूनच गाडी काढा.

पायथ्याच्या प्राटो गावाकडून चढलात तर ४८ वळणं लागतात. प्रत्येकावर क्रमांकाचा दगड आहे, आकडे वर जाताना कमी होत जातात. (आमच्या गाडीत मुलं ते मोठ्यानं मोजत होती, माझं डोकं उठलं.) आपल्याला डावीकडून चालवायची सवय, तिथे गाडी उजवीकडून चालवायची. त्यामुळे उजवं वळण फार आवळतं. अशा वळणाआधी पहिला गिअर टाका, वरून कोणी येतंय का बघा आणि मगच स्टिअरिंग फिरवा. सायकलवाले आणि मोटारसायकलवाले भरपूर. सायकलला ओलांडायची घाई नको.

खरी परीक्षा उतरताना. ब्रेकवर पाय ठेवून उतराल तर ते तापतात, जळका वास येतो, मग पकड सुटते. ज्या गिअरमध्ये चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर मॅन्युअल मोड कसा लावायचा ते भाड्याने घेतानाच विचारून घ्या.

शक्यतो सकाळी आठच्या आत निघा. वर जॅकेट लागतंच, ऑगस्टमध्येसुद्धा. उतरायला इटलीतल्याच बोर्मिओ गावाची बाजू घ्या किंवा उंब्राइल या शेजारच्या घाटातून स्वित्झर्लंडमध्ये जा. मला दुसरी वाट जास्त आवडते, गर्दी कमी असते.