शब्दशंका : ‘बोर्ड’चा गोतावळा

प्रश्न : वर्गातला बोर्ड म्हणजे फळा, कंपनीचे बोर्ड म्हणजे संचालक मंडळ, विमानतळावर ‘बोर्डिंग’ म्हणजे विमानात चढणे, तर ‘बोर्ड अँड लॉजिंग’ म्हणजे आणखी भलतेच. हा एकच शब्द आहे का?

उत्तर : आज एकच, पण त्याच्या पोटात दोन जुने अर्थ नांदतात : लाकडी फळी आणि जहाजाची कड. प्राचीन इंग्रजीत ‘बोर्ड’चे हे दोन्ही अर्थ मिळतात.

वर्गातला फळा थेट फळीवरून आला. फळ्यांचे मेज होते, म्हणून बोर्ड म्हणजे मेज, आणि पुढे मेजावरचे जेवणही. ‘बोर्ड अँड लॉजिंग’मधले बोर्ड ते हेच. राहण्याची सोय ‘लॉजिंग’ सांगते. दोन्ही शब्द राहण्याचेच समजले, की अर्थ चुकतो. मेजाभोवती बसून निर्णय घेणारी मंडळी ती संचालकांचे बोर्ड. ‘अबव्ह बोर्ड’ म्हणजे उघड, सचोटीचे : पत्ते खेळताना हात मेजाच्या वर, सगळ्यांना दिसतील असे. ‘कपबोर्ड’ही आधी पेले मांडायचे मेज होते, दारे नंतर आली. त्याचा उच्चार ‘कबर्ड’. ‘प’ ऐकू येत नाही.

विमानातले ‘बोर्डिंग’ मात्र जहाजाच्या कडेवरून आले. ‘स्टारबोर्ड’ही तिथलाच, आणि त्यात तारा शोधू नये : मूळ शब्द सुकाणूचा आहे. उत्तर युरोपातल्या जुन्या जहाजांचे सुकाणूचे वल्हे उजव्या कडेला असे. ते धक्क्यावर आपटू नये म्हणून डावी कड धक्क्याला लावत. तिचे नाव ‘लारबोर्ड’. वाऱ्यात ओरडून दिलेल्या हुकमांत ही दोन्ही नावे सारखीच ऐकू येत. अशा ठिकाणी घोटाळा परवडत नाही, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये ‘लारबोर्ड’ बाद करून ‘पोर्ट’ ठरवले.

लिहिताना एवढे जपा : ‘वी बोर्डेड द ट्रेन’ पुरे, मध्ये ‘इन’ किंवा ‘इनटू’ नको. ‘ऑन बोर्ड द शिप’मध्येही ‘ऑफ’ घुसवू नका.

प्रश्न : सीमेची ‘बॉर्डर’ याच कुळातली का?

उत्तर : हो, पण फ्रेंचमधून फिरून आलेली. फ्रेंचने कडेचा अर्थ जर्मानिक, म्हणजे इंग्रजी ज्या कुळातली त्या भाषांकडूनच घेतला होता. स्पेलिंगमध्ये ‘ओ’नंतर ‘ए’ घातला, तर सीमेऐवजी पैसे देऊन जेवणारा-राहणारा ‘बोर्डर’ होतो.