प्रमाणवेळ की मानक वेळ?

प्रश्न असा आला आहे: 'हिंदीत मानक समय म्हणतात, आपल्याकडे प्रमाणवेळ. प्रमाण म्हणजे एक तर पुरावा, नाहीतर साखर-पाण्याचं प्रमाण. मग मानक वेळ हाच शब्द जास्त नेमका नाही का?'

माझं मत प्रमाणवेळेच्या बाजूचं आहे. कारण थोडं लांबून सांगावं लागेल.

दोन्ही शब्द एकाच धातूचे. 'मा' म्हणजे मोजणं. त्यावरून मान म्हणजे माप: तापमान, दिनमान, पर्जन्यमान. या मानाला 'क' जोडला की मानक, म्हणजे ज्याच्याशी ताडून बघायचं ते माप. 'प्र' लागला की प्रमाण. पण प्रमाण हा शब्द मोजपट्टीपाशी थांबला नाही. न्यायशास्त्रात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणं आहेत, म्हणजे ज्यांच्या आधारावर एखादी गोष्ट खरी धरायची ती. 'बाबावाक्यं प्रमाणम्' असं आपण थट्टेनं म्हणतो, त्यात मोजण्याचा काही संबंध नाही. बाबा म्हणाले आणि आपण मान डोलावली, एवढंच. 'सांगितल्याप्रमाणे' मधला 'प्रमाणे' तर दिवसातून पन्नास वेळा तोंडात येतो, आणि त्यातही कुणाचं तरी म्हणणं मान्य करणंच आहे. थोडक्यात, मानकात मोजणं आहे, प्रमाणात मोजणं आणि मानणं दोन्ही आहे.

इथे एक गंमत सांगायला हवी. मानणे, मानपान, सन्मान यांतला 'मान' निराळा. तो 'मन्' धातूचा. मापाचा मान आणि इभ्रतीचा मान दिसायला जुळे, पण घराणी वेगळी. जगभर एकच माप चालवायचं ठरतं तेव्हा जे रुसवेफुगवे होतात, ते बहुतेक वेळा या दुसऱ्या मानाचे असतात. वेळेच्या बाबतीत सगळ्यात लांबलेला रुसवा फ्रान्सचा.

ऑक्टोबर १८८४मध्ये वॉशिंग्टनला २५ देशांची परिषद भरली. शून्य रेखांश, म्हणजे ज्यापासून जगाची वेळ मोजायची ती रेघ, कुठून धरायचं, हा विषय. समुद्रावरची बहुतेक जहाजं तेव्हाच लंडनच्या ग्रिनिच वेधशाळेवरून काढलेले नकाशे वापरत होती, त्यामुळे निकाल जवळपास ठरलेलाच होता. २२ मतं ग्रिनिचला पडली, एक विरोधात गेलं, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. फ्रान्सकडून बोलायला जान्सेन हे खगोलशास्त्रज्ञ होते. (हेच ते, १८६८चं खग्रास सूर्यग्रहण बघायला गुंटूरला आलेले.) त्यांचं म्हणणं असं की शून्य रेखांश कुठल्याच बड्या राष्ट्राच्या अंगणातून जाऊ नये, ते तटस्थ जागी असावं. तर्क म्हणून हे चूक नव्हतं. पण ज्या देशानं साऱ्या जगाला मीटर दिला आणि मापांची आंतरराष्ट्रीय कचेरी पॅरिसजवळ सेव्रला बसवून घेतली, त्यानंच दुसऱ्याचं माप घेताना तटस्थतेचा आग्रह धरावा, हे जरा मजेशीरच.

पुढे १८९१मध्ये फ्रान्सनं कायदा करून सगळ्या देशाला पॅरिसची वेळ लावली. रेल्वेनं त्यातही आपली पळवाट काढली होती. स्टेशनच्या बाहेरच्या घड्याळात पॅरिसची वेळ, आणि आत फलाटावरचं घड्याळ पाच मिनिटं मागे, म्हणजे धावतपळत आलेल्याला गाडी मिळावी. आपल्याकडे हॉलमधलं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवतात आणि आल्यागेल्याला 'ते पुढे आहे हं' असं सांगत बसतात, त्याचीच ही उलटी बाजू.

शेवटी ९ मार्च १९११ला फ्रान्स नमला. पण कसा? कायद्यात लिहिलं ते असं: फ्रान्स आणि अल्जिरियातली कायदेशीर वेळ म्हणजे पॅरिसची मध्यम वेळ, नऊ मिनिटं एकवीस सेकंद मागे सारलेली. (मध्यम हा शब्द पंचांगवाल्यांचा. वर्षभरातली सूर्याची लहर बाजूला ठेवून काढलेली सरासरी.) आता पॅरिस ग्रिनिचच्या पूर्वेला २ अंश २० मिनिटं १४ सेकंदांवर आहे (ही मिनिटं-सेकंदं कोनाची, घड्याळाची नव्हेत). एका अंशाला चार मिनिटं धरून हिशेब करा. येतात ती नऊ मिनिटं एकवीस सेकंदच! म्हणजे वेळ चोख ग्रिनिचची, फक्त ग्रिनिच हे नाव कायद्यात कुठे नाही. आपल्या आज्या नवऱ्याचं नाव एरवी घेत नसत, उखाण्यात तेवढं घेत. हा उलटा उखाणा झाला: डोंगर, नदी, सासर, माहेर सगळं आलं, नाव तेवढं गाळलं. फ्रान्सच्या कायद्यात हा उखाणा १९७८पर्यंत राहिला.

तेव्हा त्याच्या जागी आलं ते यूटीसी, म्हणजे 'कोऑर्डिनेटेड युनिव्हर्सल टाइम', आज जगभरची घड्याळं जिच्याशी जुळवतात ती वेळ. त्या तीन अक्षरांचा क्रमही पाहा. इंग्रजीतल्या पूर्ण नावाप्रमाणे सीयूटी व्हायला हवं होतं, फ्रेंचप्रमाणे टीयूसी. घेतलं ते दोघांचंही नाही.

आता सांगा, १९११मध्ये फ्रान्सकडे काय नव्हतं? मानक तर होतंच, सेकंदापर्यंत अचूक. अडलं होतं ते ग्रिनिचला प्रमाण म्हणायला. हा फरक दाखवायला मराठीकडे शब्द आहे, तो आपण का सोडायचा?

मात्र सगळीकडे 'प्रमाण'च हवं असा माझा हट्ट नाही. बोल्टचे आटे, प्लगच्या पिना, हेल्मेटची जाडी यांना मानक अगदी योग्य. भारतीय मानक ब्यूरो हे नाव रुळलेलंच आहे. शिवाय 'प्रमाणीकरण' हा शब्द हल्ली आधार आणि ओटीपीवाल्यांनी ओळख पटवण्यासाठी पळवला आहे, त्यामुळे तिथे 'मानकीकरण' म्हटलेलं बरं, निदान घोळ होत नाही. प्रमाणवेळ मात्र जोडून लिहा, आणि तीच ठेवा.

याच प्रश्नाखाली एकांनी विचारलंय की आजोबांच्या पत्रिकेत जन्मवेळेपुढे 'मुं. टा.' लिहिलंय, ते काय? तो मुंबई टाइम. १ जानेवारी १९०६ला सरकारनं देशभर एक वेळ लागू केली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची. मुंबईची स्वतःची वेळ ४ तास ५१ मिनिटं पुढे होती. लोकांना विश्वासात न घेता हे केलं, असा फिरोजशहा मेहतांचा आक्षेप होता. नगरपालिका जुन्याच वेळेला चिकटून राहिली, आणि एकाच शहरात 'स्टँडर्ड की मुंबई?' असं विचारायची पाळी स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं होती. तुमच्या आजोबांच्या जन्मवेळेत ३९ मिनिटं मिळवा, आजच्या घड्याळातली वेळ येईल. ज्योतिषी तीच ३९ मिनिटं पुन्हा वजा करेल, कारण त्याला स्थानिक वेळच लागते. तेव्हा त्याच्याकडे जाताना मूळ आकडा आणि 'मुं. टा.' दोन्ही सांगा.