क्यू भरायला ॲड का चालत नाही?

प्रश्न: सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत लिस्ट बनवताना महिरपी कंसात व्हॅल्यू टाकल्या की लगेच भरते, पण क्यूला (आधी टाकलेलं आधी बाहेर येणारी रांग) तेच केलं तर एरर येते. प्रत्येक वेळी एन्क्यूच्या, म्हणजे क्यूत एकेक व्हॅल्यू टाकायच्या, आठ-दहा ओळी लिहायच्या का?

उत्तर: अजिबात नाही! आधी आत काय होतं ते बघा, कंसातल्या प्रत्येक व्हॅल्यूसाठी कंपायलर गुपचूप ॲड नावाची मेथड बोलावतो, लिस्टकडे ती आहे आणि क्यूकडे नाही, तिच्याकडे एन्क्यू आहे, म्हणून गाडी अडते. मग ती ॲड आपणच द्यायची. एक स्टॅटिक क्लास बनवा, त्यात ॲड नावाची स्टॅटिक मेथड, पहिल्या पॅरामीटरला धिस लावून क्यू घ्या, दुसरा पॅरामीटर व्हॅल्यू, आणि आत फक्त एन्क्यूचा कॉल. झालं, एका ओळीचं काम, आता क्यू पण लिस्टसारखीच भरते.

अशा धिस लावून बाहेरून जोडलेल्या मेथडना एक्स्टेन्शन मेथड म्हणतात. त्या 2007 पासून आहेत पण कंसात भरताना त्यांची ॲड चालायला लागली ती सी शार्प 6 पासून, म्हणजे 2015. प्रोजेक्ट त्याहून जुन्या व्हर्जनवर असेल तर एरर तशीच राहील. आणि त्या क्लासच्या नेमस्पेसचं यूझिंग वर लिहायला विसरू नका, बहुतेक जण इथेच अडकतात.

स्टॅकला (शेवटी टाकलेलं आधी बाहेर येणारा ढीग) पण हे जमतं, आत एन्क्यूऐवजी त्याची व्हॅल्यू टाकणारी मेथड पुश बोलवा. पण मला स्वतःला ते आवडत नाही, कारण 1, 2, 3 लिहिलं की काढताना आधी 3 येतो आणि वाचणारा हमखास गोंधळतो. तिथे सरळ पुशच लिहा.