खमक्या, करारी की पाणीदार?

मनाने खंबीर आणि बुद्धीनेही तल्लख अशा माणसासाठी मराठीत एकच शब्द आहे का, आणि 'खमक्या' तेथे चालेल का, असा प्रश्न आहे. 'खमक्या' हा जिवंत आणि ठसठशीत शब्द असला, तरी येथे तो अपुरा पडतो, असे माझे मत आहे. खमकेपणा दिसतो तो समोर कोणी उभे ठाकल्यावर. दरडावणाऱ्याला तिथल्या तिथे गप्प करणारी बाई खमकी खरी. पण तीच बाई एकटी बसून एखादा किचकट हिशेब उलगडत असेल, तर त्या कामातल्या तिच्या बुद्धीला आपण खमकी म्हणत नाही. 'करारी' या शब्दातही बुद्धी गृहीत नाही. मूळ अरबी 'करार' या शब्दात स्थैर्याचा आणि ठरावाचा अर्थ आहे. त्यामुळे करारी माणूस ठरवल्यावर हलत नाही, मग तो निर्णय शहाणपणाचा असो वा नसो. 'बाणेदार' तर आता बहुधा उत्तरालाच चिकटून राहिला आहे.

बुद्धीच्या बाजूचे शब्द पाहिले, तर त्यांत खंबीरपणा सापडत नाही. 'हुशार' हा फारसी 'होशियार'वरून आला असून त्याचा मूळ अर्थ शुद्धीवर असलेला, सावध असा आहे. आजारातून उठलेल्या माणसाला 'आज जरा हुशारी वाटते' असे आपण म्हणतो, त्यात तो जुना अर्थ अजून टिकून आहे. 'धूर्त' या शब्दाचे मात्र मला मनापासून वाईट वाटते. दासबोधात तो जाणता, चतुर अशा चांगल्या अर्थाने येतो, पण आज कोणाला धूर्त म्हटले की त्याच्या सचोटीवरच संशय घेतल्यासारखे होते. 'चलाख' हा शब्दही त्याच वाटेवर आहे. 'धोरणी' त्यामानाने स्वच्छ राहिला आहे आणि त्यात दूरवरचे पाहण्याचा संयमही आहे. तथापि संकटात तो माणूस ताठ उभा राहील की नाही, हे त्या शब्दावरून कळत नाही.

दोन्ही गुण एकत्र हवे असतील, तर मी 'पाणीदार' हा शब्द सुचवेन. शस्त्राला पाणी देतात, म्हणजे तापलेले पोलाद एकदम थंड करून ते कठीण करतात, आणि त्या कठीणपणामुळेच त्याची धार टिकते. मोत्याचे पाणी म्हणजे त्याचे तेज. माणसाला पाणीदार म्हणताना कणखरपणा, धार आणि तेज हे तिन्ही अर्थ सोबत येतात, आणि 'पाणीदार डोळे' म्हटल्यावर तर डोळ्यांतली बुद्धीची चमकच आधी जाणवते. माणसाचे पाणी जोखणे, आपले पाणी दाखवणे हे प्रयोग याच कल्पनेतले आहेत. 'पाणउतारा' या शब्दातही माणसाचे हेच पाणी उतरवले जाते.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. 'पाणीदार'मध्ये स्वाभिमानाची झाक ठळक आहे. त्यामुळे ज्याची जिद्द आणि बुद्धी दोन्ही शांतपणे, कोणाच्या नजरेत न भरता काम करतात, अशा माणसाला तो शब्द थोडा भडक वाटेल. तेथे एका शब्दाचा हट्ट न धरता 'करारी आणि धोरणी' अशी जोडी सरळ वापरावी.