बहुमताचा निर्णय दोन न्यायाधीश कसे फिरवू शकतात?

तुमचा प्रश्न असा की, लोकांनी निवडून दिलेल्या सरकारचा निर्णय कोणीही न निवडलेले दोन न्यायाधीश मूठभरांसाठी फिरवतात, मग याला लोकशाही कसं म्हणायचं? मी जिल्हा कोर्टात वकिली करतो. कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर महिन्यातून एकदा तरी कोणीतरी हेच विचारतं. तत्त्वाच्या गप्पांपेक्षा एक खटला सांगतो.

केरळ, १९८५. यहोवाचे साक्षीदार या छोट्या ख्रिस्ती पंथातली तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं की सगळ्यांबरोबर आदराने उभी राहत, पण गात नसत. देवाच्या प्रार्थनेखेरीज असं काही गाणं त्यांच्या धर्माला मान्य नव्हतं. बरं, आक्षेप ‘जन गण मन’वर नव्हताच, कुठल्याच देशाचं राष्ट्रगीत ते गात नाहीत. एका आमदाराच्या हे लक्षात आलं, विधानसभेत प्रश्न झाला, चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने सांगितलं, मुलं सरळ आहेत, राष्ट्रगीताचा कसलाही अपमान त्यांनी केलेला नाही. तरीही वरून आदेश आला आणि जुलैमध्ये मुलांना शाळेतून काढलं.

उच्च न्यायालयाने राष्ट्रगीतातला शब्दन् शब्द तपासला आणि म्हटलं, यात कोणाच्याही धर्मभावना दुखावण्यासारखं काही नाही, याचिका फेटाळली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही हे पटलं होतं. खरंच, काय आहे त्यात दुखावण्यासारखं?

११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयाने (बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य; न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी आणि दत्त) मुलांच्या बाजूने निकाल दिला आणि सांगितलं की मुळात प्रश्नच चुकीचा विचारला गेला. ही श्रद्धा आम्हाला पटते का, हे बघायचंच नाही. ती मनापासून आणि प्रामाणिकपणे बाळगलेली आहे का, एवढंच बघायचं. मला विचाराल तर सगळी मेख इथे आहे. बहुसंख्याकांना आपली गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यात कोणाला खटकण्यासारखं काही असेल हेच सुचत नाही. त्यात दुष्टपणा असेलच असं नाही, बऱ्याचदा नुसती सवय असते.

या कसोटीची मुळं मुंबईतही सापडतात, ही गंमत. निकालात मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती दावर यांचं जुनं मत उद्धृत केलंय. पारशांच्या मुक्ताद म्हणजे मृतांच्या स्मरणार्थ होणाऱ्या विधींसाठी ठेवलेल्या पैशांच्या खटल्यात ते म्हणाले होते की समाजाची तशी श्रद्धा असेल तर न्यायाधीशाने ती स्वीकारायची, तिचा निवाडा करायला बसायचं नाही. दावर म्हणजे तेच, १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे!

आता तुमच्या ‘सरकारचा निर्णय’ या शब्दांकडे येतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मधलं अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आवळायचं तर कायदा लागतो, आणि तोही त्यात दिलेल्या कारणांसाठीच. इथे होतं काय? शिक्षण खात्याची परिपत्रकं! संसदेने बहुमताने केलेला १९७१ चा कायदा राष्ट्रगीत गाण्यापासून दुसऱ्याला मुद्दाम रोखणाऱ्याला किंवा गाणाऱ्यांत व्यत्यय आणणाऱ्याला शिक्षा देतो. गप्प उभं राहणाऱ्याला नाही. म्हणजे या खटल्यात बहुमताचा कायदा कोणी मोडला असेल, तर तो मुलांनी नक्कीच नव्हे.

‘मग श्रद्धेच्या नावाखाली काहीही चालेल का?’ हा टपरीवरचा पुढचा प्रश्न. नाही. धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या अनुच्छेद २५ ची सुरुवातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्कांच्या अधीन राहून होते. अस्पृश्यता कोणाची कितीही प्रामाणिक श्रद्धा असो, अनुच्छेद १७ पुढे ती टिकत नाही. आणि खरं सांगायचं तर आपली न्यायालयंही या बाबतीत एका सुरात बोलत नाहीत. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून धर्मातली ‘अत्यावश्यक’ प्रथा कोणती, ही चर्चा सुरू झाली आणि पुढे न्यायाधीशच ते ठरवू लागले. दावरांच्या म्हणण्याशी त्याचा मेळ कसा घालायचा, मला आजवर जमलेलं नाही.

राहिला ‘मूठभर’ हा शब्द. अनुच्छेद २५ ‘सर्व व्यक्तींना’ हक्क देतो, त्यासाठी अल्पसंख्याक असावं लागत नाही. आपल्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क देणारा अनुच्छेद ३० मात्र धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी आहे, आणि ते कोण हे राज्य हा घटक धरून ठरतं. २००२ मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने टी. एम. ए. पै खटल्यात तसं सांगितलं. त्यामुळे कोल्हापुरात बहुसंख्य असलेला मराठी माणूस बेळगावात भाषिक अल्पसंख्याक होतो. तिथल्या मराठी पोराला प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून आपण अनुच्छेद ३५०-अ पुढे करतो, तेव्हा कर्नाटकातलं बहुमत काय म्हणतं, हे आपल्यापैकी कोणी विचारत नाही.