आकितातली शाळा आणि पार्ल्याचा डबा

प्रश्न : मी इंग्रजी माध्यमाच्या एका शाळेत पाच वर्षे इंग्रजी शिकवते. एका खासगी कंपनीमार्फत येत्या एप्रिलपासून जपानच्या आकिता प्रांतातील एका लहान गावात, दोन प्राथमिक आणि एका माध्यमिक शाळेत, साहाय्यक भाषाशिक्षिका म्हणून माझी निवड झाली आहे. जपानीची जेमतेम अक्षरओळख आहे. मी पूर्ण शाकाहारी आहे. टोकियो असते तर काळजी नव्हती, असे आईचे म्हणणे आहे. वर्गात माझे नेमके काम काय असेल, जेवणाचे काय करावे आणि परक्या गावात एकटीने राहताना काय सांभाळावे?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : वर्गापासून सुरुवात करू, कारण बहुतेकांचा हिरमोड तिथेच होतो. तुम्ही आजवर स्वतःचा वर्ग सांभाळला आहे. तिथे वर्ग जपानी शिक्षकाचा असेल आणि प्रश्नपत्रिका काढणे, गुण देणे, पालकांशी बोलणे यांपैकी काहीच सहसा तुमच्याकडे येणार नाही. माध्यमिक शाळेत धडा वाचून दाखवणे, उच्चार घोटून घेणे आणि संवादातले दुसरे पात्र होणे एवढ्यावर पुष्कळदा तास संपतो. प्राथमिक शाळेत मात्र चित्र वेगळे असते. २०२० च्या एप्रिलपासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला आणि तिसरी-चौथीला परकीय भाषेची तोंडओळख सुरू झाली. पण तिथले वर्गशिक्षक सर्व विषय शिकवणारे असल्यामुळे इंग्रजीचा तास घ्यायला अनेक जण बिचकतात आणि प्रत्यक्षात खडू तुमच्याच हाती येतो. तुमचा पाच वर्षांचा अनुभव तिथे कामी येईल. पहिल्या सत्रात सुधारणा सुचवण्याची घाई मात्र करू नका. विचारले तर सांगा, तेही तास संपल्यावर, शिक्षकांच्या खोलीत.

करारनामा पुन्हा एकदा वाचून पाहावा, असा माझा आग्रह आहे. जपान सरकारच्या १९८७ पासून चालू असलेल्या ‘जेट’ योजनेतून जाणाऱ्या शिक्षकाला २०२५ पासून पहिल्या वर्षी सुमारे ४० लाख २० हजार येन वेतन मिळते आणि करार वर्षावर्षाने जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढवता येतो. खासगी कंपन्यांचे वेतन सहसा याहून कमी असते आणि काही करारांत ऑगस्ट किंवा मार्च-एप्रिलसारख्या सुट्टीच्या महिन्यांत पगार कापला जातो. आरोग्य विमा व निवृत्तिवेतनाची वर्गणी कोण भरणार आणि आजारपणाच्या रजेचे काय, हे निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. विचारले म्हणून निवड रद्द होईल अशी भीती बाळगू नये.

आता जेवण. हा प्रश्न तुम्हाला वाटतो त्याहून अवघड आहे. दुपारचे जेवण शाळेतच शिजते किंवा गावाच्या सामायिक स्वयंपाकघरातून येते. पांढरे अ‍ॅप्रन आणि टोप्या घातलेली मुले पातेली वर्गात आणतात, भात-सूप वाढतात, प्रत्येक ताटाशेजारी २०० मिलीलिटर दुधाचे पाकीट ठेवतात आणि सगळ्यांना वाढून होईपर्यंत कोणी घास घेत नाही. तुम्हीही त्यांच्यातच बसून जेवायचे असते. अडचण अशी की भाजीचे म्हणून जे दिसते तेही बहुधा ‘दाशी’त, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाच्या नाहीतर सुकटीच्या पाण्यात शिजवलेले असते. मांस वेगळे काढता येते, हे पाणी वेगळे काढता येत नाही. अ‍ॅलर्जी असेल तर शाळा अतिशय काटेकोर काळजी घेते, परंतु शाकाहार ही तिथे वैयक्तिक आवड समजली जाते. म्हणून अ‍ॅलर्जी असल्याचे खोटे सांगण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण शाळा डॉक्टरांचे पत्र मागू शकते आणि खोटे उघडकीला आल्यास विश्वास जातो तो कायमचा. मार्चमध्येच कंपनीमार्फत गावाच्या शिक्षण मंडळाला कळवा, जेवणाची वर्गणी बंद करून घ्या आणि घरून डबा नेण्याची परवानगी मागा. परवानगी मिळाली तरी डबा वर्गातच, मुलांबरोबर खावा, एकटीने शिक्षकांच्या खोलीत नव्हे. मुले डब्यात डोकावणारच, आणि पोळीवरून सुरू झालेले इंग्रजी पाठ्यपुस्तकातल्या संवादापेक्षा पुष्कळ लांब जाते.

घरच्या स्वयंपाकाची चिंता नको. तांदळासाठी आकिता नावाजलेला प्रांत आहे. टोफू, मुळा, वांगी, लाल भोपळा आणि आपल्या अळकुड्यांच्या जातीचे ‘सातोइमो’ अगदी लहान दुकानातही मिळतात. डाळी, कणीक, मोहरी, हिंग हे जिन्नस भारतीय किराणा दुकाने घरपोच पाठवतात. टोकियोच्या निशी-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती असल्याने अशा दुकानांची तिथे वाण नाही. पहिल्या महिन्यापुरते हिंग-मसाले मात्र सोबत न्यावेत.

दुपारी जेवण झाले की बहुतेक शाळांत साफसफाईची वेळ असते. झाडू-फरशीसाठी वेगळा माणूस नसतो. मुले आणि शिक्षक मिळून जिने, संडास, वऱ्हांडे पुसतात. आपल्याकडे शिक्षिकेने फरशी पुसली तर चर्चा होईल, तिथे न पुसली तर होते. माझ्या मते गावातले तुमचे नाव वर्गातल्या तासापेक्षा या पंधरा-वीस मिनिटांत जास्त बनते, कारण भाषा येत नसताना लोकांना तुमचे हातच दिसतात. कोणी सांगण्याची वाट न पाहता फडके उचला. शाळेत चपला-बूट दारातच काढायचे असतात, म्हणून घालायला-काढायला सोपे असे आतले बूट इथूनच घेऊन जा. मोठ्या मापाचे तिथल्या गावात मिळतीलच असे नाही. सुट्टीवरून परतताना सहकाऱ्यांसाठी खाऊ नेण्याची रीत आहे. सुटी मिठाई नेऊ नका; प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवता येईल अशी चिक्कीची वेगवेगळी पाकिटे बरी.

राहत्या घराबाबत दोन कामे लगेच करायची असतात. घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत गावाच्या कचेरीत जाऊन पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्याच खेपेला कचऱ्याचे वेळापत्रक मागून घ्यावे. जळणारा, न जळणारा, प्लॅस्टिक, बाटल्या, डबे, कागद असा प्रत्येकाचा वार ठरलेला असतो, बऱ्याच गावांत पिशव्याही गावाने ठरवून दिलेल्याच लागतात, आणि पिशवी सकाळी ठरलेल्या वेळेपूर्वी कावळ्यांपासून राखणाऱ्या जाळीखाली ठेवायची असते. चूक झाली तर पिशवी उचलली जात नाही. तिच्यावर एक कागद चिकटतो आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तिथेच राहते. शिकोकू बेटावरच्या कामिकात्सू या गावात तर वर्गवारी चाळीसहून अधिक प्रकारांपर्यंत गेली आहे. तुमच्या गावात इतके नसावे!

शेजाऱ्यांच्या मंडळाची एक फळी घरोघर फिरते. तिला ‘काइरानबान’ म्हणतात आणि आपल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डाला पाय फुटावेत तशी ती असते. तिच्यावर गवत कापण्याचा रविवार, जत्रेची वर्गणी, कोणाचे निधन झाले असे सगळे असते. वाचता आले नाही तरी सही करून पुढच्या घरी पोहोचवावी; मोबाइलवर फोटो काढून भाषांतर पाहता येते. ती तुमच्याकडे अडून राहिली तर अख्ख्या आळीला कळते कोणाकडे अडली. गवत कापायला पहाटे जावे लागले तरी जावे. विळा कसा धरावा हे शेजारच्या आजीबाई दाखवतील. जपानमध्ये वृद्धांचे प्रमाण सर्वाधिक आहे ते आकितातच, त्यामुळे तुमची ओळख आधी त्यांच्याशीच होईल.

एक गोष्ट आईंना सांगायची की नाही ते तुम्ही ठरवा. आकितात अस्वले वस्तीजवळ येतात आणि तिथली कित्येक मुले दप्तराला घंटी बांधून शाळेत जातात. तुम्हीही एक घ्यावी. शरद ऋतूत पहाटे व संध्याकाळी रानाकडच्या वाटेने एकटीने फिरायला जाऊ नये आणि गावच्या कर्ण्यावरून सूचना आली की घरात थांबावे. टोकियोबद्दल त्यांना एवढे सांगा की तिथे मराठी माणूस भेटणे सोपे, पण घराचे भाडे पगाराचा मोठा घास घेते आणि शेजारी कोण राहतो हे वर्षभर कळत नाही. खेड्यात तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत तर कोणीतरी दार वाजवील.

प्रश्न : माझ्या मुलाचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. पुढे त्याने इंग्रजी साहित्यात एम. ए. केले. त्याला जपानी शाळेत अशी नोकरी मिळू शकेल का?
— एक वाचक, कांदिवली

उत्तर : उत्तर कटू आहे. शाळेत साहाय्यक म्हणून भाषा शिकवण्यासाठीच्या व्हिसाला पदवीखेरीज त्या भाषेतून किमान १२ वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. अकरावी ते एम. ए. हे सगळे इंग्रजीतून धरले तरी बेरीज सात वर्षांची होते. मुलाचे इंग्रजी कितीही उत्तम असो, ही अट गुणवत्तेवर सुटत नाही, आणि ‘बघू, जमवून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवावे. त्याला जपानचीच ओढ असेल तर जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेची तयारी करावी. ती मुंबई आणि पुण्यातही होते. तिच्या पाच पातळ्यांपैकी वरून दुसऱ्या, म्हणजे एन-२ पर्यंत पोहोचलेल्या पदवीधराला अनुवादाची आणि कंपन्यांतील कामे खुली होतात, आणि त्यासाठी दहावी कोणत्या माध्यमातून झाली हे कोणी विचारत नाही.

प्रश्न : मलाही तशीच नेमणूक मिळते आहे, नीगाता प्रांतात. आयुष्यभर लोकलने फिरलो. गाडी आणि थंडी या दोन्हींची धास्ती वाटते.
— एक वाचक, दादर

उत्तर : थंडीने याआधीही इंग्रजीचे शिक्षक पळवले आहेत. १८९० साली मात्सुए येथे इंग्रजी शिकवायला आलेला लेखक लाफ्काडिओ हर्न पुढच्याच वर्षी दक्षिणेकडे कुमामोतोला गेला, त्यामागे मात्सुएचा हिवाळा हेही एक कारण होते. बाहेरच्या बर्फापेक्षा घरातला गारठा अधिक छळतो, कारण जुन्या घरांत एकच खोली तापवण्याची पद्धत आहे. रॉकेलचा हीटर घ्या, १८ लिटरचा डबा भरलेला ठेवा, खिडकी अधूनमधून उघडा आणि कडाक्याच्या रात्री झोपण्यापूर्वी नळाच्या पाइपांतले पाणी काढून टाका. न काढल्यास पाइप फुटतात.

गाडीला पर्याय नाही, कारण अशा गावांत बस दिवसातून मोजक्याच वेळा येते. दिलासा एवढाच की तिथेही वाहने डावीकडूनच चालतात. वाहन परवाना मुंबईतच आणि लवकर काढा. भारतात मिळालेल्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर जपानमध्ये जास्तीत जास्त एक वर्ष गाडी चालवता येते. नंतर भारतीय परवाना तिथल्या परवान्यात बदलून घ्यावा लागतो आणि त्यासाठी परवाना मिळाल्यानंतर किमान तीन महिने तुम्ही भारतात राहिलेले असणे आवश्यक असते. २०२५ च्या ऑक्टोबरपासून या बदलासाठीची लेखी परीक्षा ५० प्रश्नांची झाली आहे आणि ४५ उत्तरे बरोबर यावी लागतात. प्रत्यक्ष चाचणीत आपली मंडळी नापास होतात ती थांबण्याच्या खुणेपाशी : लाल उलट्या त्रिकोणाजवळ चाके पूर्ण थांबली पाहिजेत, रस्ता रिकामा असला तरीही. पिवळ्या नंबरपाटीची, ६६० सीसीची जुनी छोटी गाडी पुरेशी आहे, फक्त ती चारही चाकांना जोर देणारी असावी. बर्फाचे टायर नोव्हेंबरमध्येच चढवून घ्या; पहिला बर्फ पडला की गॅरेजसमोर रांग लागते.